धरमशेठ जमीन बेततात

मंचरच्या बाजारपेठेत धरमचंद गुगळ्यांचं कापडाचं दुकान आहे. थोरल्या मुलाने पाटी बदलून 'पारस फॅशन' केली त्याला बरीच वर्षं झाली, तरी खेड्यावरून आलेली बाई अजून शेजाऱ्याला विचारते, "धरमशेटचं दुकान कुठलं?" शेजारी पाटीकडे बघतही नाही, सरळ धरमशेठकडेच बोट दाखवतो. कारण ते पाटीच्या खाली खुर्ची टाकून बसलेले असतात. मुलाने गल्ल्यावरून उठवल्यापासून ती खुर्ची हाच त्यांचा हुद्दा आहे.

धरमशेठना कुणी कशाबद्दल सल्ला विचारला की त्यांचं उत्तर ठरलेलं. "आपल्याला काय कळतं राव? आपल्याला फाडता येतं तेवढंच येतं." कापडवाल्यांच्या भाषेत फाडणं म्हणजे ताग्यातून कापड तोडून देणं. पण एवढं बोलून ते पुढे अर्धा तास सल्ला द्यायचे. मग सल्ला चुकला तर पहिलं वाक्य कामाला यायचं.

फाडण्यातला त्यांचा हात मात्र खरंच बसलेला होता. गिऱ्हाईक उंबऱ्यावर चढेपर्यंत याला शर्टाला किती लागणार, पोटासाठी किती वाढवायचं, हे त्यांच्या डोक्यात तयार. मीटरपट्टी नुसती शोभेला. ताग्याच्या शेवटी उरलेला तुकडा ते कधी वाया जाऊ द्यायचे नाहीत. त्याचा ब्लाउजपीस व्हायचा, त्यातून उरलं तर टोपी, त्यातूनही उरलं तर खिशाचं अस्तर. सज्जनबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, सांगायच्या, "आमच्या घरातल्या एका उशीच्या अभ्र्यात पाच गावचे नवरदेव झोपलेत."

तर अशा या माणसाच्या मनात एक दिवस जमीन वाटायचं आलं.

जमीन निरगुडसरला होती. धरमशेठचे आजोबा मारवाडातून निघाले ते आधी निरगुडसरात टेकले, तिथे दुकान काढलं आणि गावाच्या रस्त्याला लागून एक पट्टी घेतली. रस्त्यावर तोंड, मागे लांबच लांब शेत. गाव तिला अजून 'शेठची पट्टी' म्हणतं. दुकान मंचरला आलं, पट्टी तिथेच राहिली. धरमशेठ वर्षातून चारदा तिकडे जायचे, ते बूट घालून आणि छत्री घेऊन. बांधावर उभं राहून ऊस बघायचे आणि "यंदा माल चांगला आहे" म्हणून परत यायचे. एकदा तो ऊस नव्हता, मका होता. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सगळ्या पेठेत सांगितली, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.

वाटायचं मनात आलं त्याला कारण होतं. पेठेतल्या दोघा सख्ख्या भावांनी बाप गेल्यावर एकाच दुकानात मधोमध भिंत घातली होती. भिंत इतकी घाईत घातली, की जिना एकाकडे गेला आणि माळा दुसऱ्याकडे. आता जिनेवाल्याला चढून जायला जागा नाही आणि माळेवाल्याला चढायला जिना नाही. धरमशेठ रोज समोरून ते बघत होते. आपली तीन मुलं. पारस दुकानात, संयम पुण्यात नोकरीला, धाकटी जागृती नारायणगावला दिलेली. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या हाताने, तिघांना सारखं वाटून द्यावं. मुलीलासुद्धा. या शेवटच्या शब्दावर ते स्वतःवरच खूश होते.

"आधी मुलांना विचारा तरी," सज्जनबाई म्हणाल्या.

"विचारायचं काय त्यात? कापड आपलं, कात्री आपली."

"अहो, जमीन आहे ती."

"सगळं एकच असतं गं. लांबी, रुंदी आणि किनार."

आणि खरोखरच एका दुपारी, दुकानाचं शटर अर्धं खाली असताना, त्यांनी गल्ल्यावर मांजरपाट अंथरला. आजोबा सांगायचे ती लांबी आठवली, वडील सांगायचे ती रुंदी आठवली. दोन्हींचा मेळ बसेना, तेव्हा थोडं हिच्यातलं घेतलं, थोडं तिच्यातलं. शिंप्याच्या खडूने रेघा मारल्या. छान चौकोनी पट्टी झाली. कापड जन्मतःच चौकोनी असतं, तशीच जमीनही असणार, यात त्यांना शंका यायचं काही कारणच नव्हतं. मग कात्री घेतली. कुर्र, एक तुकडा पारसचा. कुर्र, दुसरा संयमचा. उरला तो जागृतीचा. गल्ल्यावर सुताएवढंही कात्रण राहिलं नाही. धरमशेठनी खुर्चीत मागे रेलून आपल्या कामाकडे बघितलं. सरकारला जे काम करायला वर्षं लागतात, ते आपण चहा निवायच्या आत केलं असं त्यांना वाटलं.

अक्षय तृतीयेला सगळे जमले. आमरस-पुरीचं जेवण संपत आलं. धरमशेठनी ताटात तीन घड्या ठेवल्या, वर कुंकू, शेजारी नारळ. थोडंसं भाषणही केलं. त्यात आजोबा आले, भिंत घालणारे भाऊ आले, आणि "आपल्याला फाडता येतं तेवढंच येतं" हेही आलं. पारसने घडी खिशात घातली. संयमने फोटो काढून बायकोला पाठवला. जागृतीच्या डोळ्यांत पाणी आलं. जावयांनी तिसरी वाटी आमरस घेतला.

इथे थांबायला हवं होतं. पण जागृतीने आपला तुकडा उलगडून फरशीवर ठेवला, भावांचे मागून घेतले आणि तिन्ही जोडून बघितले.

"पप्पा, रस्त्याला लागून दादाचा. मधे संयमदादाचा. मागे माझा. असंच ना?"

"अगदी असंच."

"मग मी माझ्या तुकड्यात जाणार कुठून?"

"कुठून म्हणजे? रस्त्यावरून."

"रस्ता दादापाशी संपतो."

"मग दादाच्यातून."

पारसच्या हातातली पुरी थांबली. "माझ्यातून? तिथे माझे गाळे आहेत!"

"अजून एक वीट नाही आणि गाळे झाले?" सज्जनबाई म्हणाल्या.

"तसं नाही मम्मी, पण गाळ्यांमधून येणं-जाणं म्हणजे..."

"मी हेलिकॉप्टर घेते," जागृती म्हणाली. सगळे हसले. धरमशेठही हसले; पण हसताना त्यांची नजर त्या तीन तुकड्यांवर होती. शर्ट बेतताना गळा कापायचा राहिला तर जे वाटेल, ते त्यांना वाटत होतं. कापड सगळं जागेवर आहे, आणि डोकं घालायला भोक नाही.

"शेजारच्या हनुमंताच्या बांधावरून जायचं," ते ठासून म्हणाले. "आजोबांपासून आपण तिथूनच जातो."

जागृती मात्र मग हसली नाही. तिची नारायणगावला रोपवाटिका होती. टोमॅटोची, मिरचीची रोपं शेडनेटखाली वाढवून ती शेतकऱ्यांना द्यायची. जागा भाड्याची. मालकाला आता तिथे लग्नांसाठी लॉन्स काढायचं होतं. पुढच्या हंगामाच्या आत जागा सोडा, असं त्याने सांगितलं होतं. पप्पांनी तुकडा दिला तेव्हा तिचं अर्धं ओझं उतरलं होतं. पण रोपं काही बांधावरून डोक्यावर नेता येत नाहीत. त्यांना टेम्पो लागतो.

दुसऱ्याच दिवशी धरमशेठ निरगुडसरला गेले. हनुमंत त्यांचा शेजारी, पट्टीच्या लांबीला लागून त्याचं शेत. एसटीत ड्रायव्हर होता, निवृत्त होऊन पूर्णवेळ शेतीत आला होता. कांदा काढणीला आला होता आणि तो वखारीच्या सावलीला बसला होता.

"या शेट! आज छत्री न्हाई आणली?"

"विसरलो. हनुमंता, एक काम होतं. तुझ्या बांधावरून आम्ही जातो ना..."

"जाताय की. तुमचं आजोबा जायचं, तुमचं वडील जायचं. आमी कदी काय बोललो?"

"तसंच पुढेही जाऊ. फक्त आता टेम्पो जाईल."

हनुमंताने बांधाकडे बघितलं, मग धरमशेठकडे. "शेट, मी एसटी चालवलीय माळशेजातनं. मढच्या वळणावर समोरनं ट्रक आला तरी मी कदी घाबरलो न्हाई. पन या बांधावरनं टेम्पो घालायचा म्हनलं तर मला बी सुट्टी टाकावी लागंल."

"मग?"

"मग काय? टेम्पो बांधावरनं न्हाई जानार, माझ्या कांद्यावरनं जानार." तो रागावला नव्हता. त्याने चहा सांगितला आणि सावकाश पुढे बोलला. "ह्ये बघा, मला बी दोन पोरं. संघर्ष हाय, कल्याणी हाय. उद्या मला बी वाटायचंच हाय. तुमी तुमच्या अंगानं जागा सोडा, मी माझ्या अंगानं सोडतो, मधनं चांगला रस्ता काडू. तुमचं बी भलं, माझं बी."

धरमशेठना इतका आनंद झाला की ते तिथल्या तिथे रेघ मारायला उठले. "बांधाच्या मध्यावरून अर्धं-अर्धं! चल, खुणा करू."

"बसा शेट, बसा. बांध कुटं हाय?"

"हा काय."

"ह्यो आज हाय. धा वरसामागं कुटं व्हता? तुमाला ठावं न्हाई, मला बी ठावं न्हाई. आपुन दोगं आपापल्या बापाच्या आठवणीवर चाललोय. आदी सरकारी मोजणी आना. मग रस्ता. आन रस्त्यात कुनाची किती जागा जानार ते पोरांना सांगितलंय का?"

पोरांना! धरमशेठनी चहा पिऊन टाकला. गरम होता.

मग ते घोडेगावला, कचेरीजवळच्या एका वकिलीणबाईंकडे गेले. बाई तरुण होत्या, चष्म्यातून बघायच्या. धरमशेठनी पिशवीतून पारसकडून मागून आणलेला तुकडा काढला आणि टेबलावर पसरला.

"हे काय?"

"जमीन."

बाईंनी तुकडा उलटा करून बघितला. कापड चांगलं आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत, तरी धरमशेठना तसं वाटलं.

"सातबारा बघितलात का, कुणाकुणाची नावं आहेत?"

"काढतो."

"मोजणी?"

"करतो."

"विहीर असेल ना तिथे? ती कुणाच्या वाट्याला?"

धरमशेठनी मनातल्या मनात मांजरपाटावर विहीर शोधली. ती संयमच्या आणि जागृतीच्या तुकड्याच्या बरोबर कडेवर आली. कात्री विहिरीतून गेली होती. "दोघांच्या," ते म्हणाले. "अर्धी-अर्धी."

"उभी की आडवी?"

इतकं चांगलं त्यांना पेठेतसुद्धा कुणी बोललं नव्हतं. ते मोकळेपणाने हसले आणि आमरसापासूनची सगळी हकीकत त्यांनी सांगून टाकली. बाईही हसल्या, मग समजावून सांगायला लागल्या. आधी नावं बघायची. मग मोजणी, म्हणजे हद्द कळेल. हद्द कळली की रस्ता ठरवायचा, कारण ज्याला वाट नाही तो तुकडा घेऊन कुणी काय करणार. विहीर सामाईक ठेवायची आणि पाण्याच्या पाळ्या लिहून ठेवायच्या. तुकडा फार लहान झाला तर कायदा आडवा येतो, तेही आधी तपासायचं. "आणि हे सगळं झाल्यावर, शेवटी, वाटप."

"म्हणजे मी काय केलं?"

"तुम्ही आधी वाटप केलंत, आमरस खाल्लात, आणि आता जमीन शोधताय."

"आपल्याला फाडता येतं तेवढंच..." धरमशेठनी सुरुवात केली, पण बाईंपुढे ते वाक्य काही चालेना, म्हणून अर्ध्यातच सोडलं.

मोजणीचा अर्ज झाला. तारीख लांबची मिळाली. तोवर घरात रस्त्याची चर्चा सुरू झाली आणि तिचे दोन भाग पडले. रस्ता हवा होता एकटीला, आणि जागा जाणार होती तिघांची.

"मला रस्ता लागतच नाही," पारस म्हणाला. "मी तोंडावरच आहे. एक पायवाट ठेवा म्हणजे झालं."

"मी तिथे वीकेंडला जाणार," संयम फोनवरून म्हणाला. "गाडी दादाकडे लावीन, पुढे चालत जाईन. व्यायाम."

आणि मग एका रात्री जेवताना पारसने सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. "पप्पा, तसं बघितलं तर जागृतीला जमिनीचं काय करायचंय? तिला एखादा चांगला हार करू. ती पण खूश, आपला पण गुंता सुटेल."

धरमशेठना हे एकदम पटलं. इतकं पटलं की पटल्याची त्यांना लाज वाटली. पण लाज ही आमटीसारखी असते, थोड्या वेळाने निवते. हार म्हणजे काय सुंदर वस्तू! त्याला रस्ता लागत नाही, मोजणी लागत नाही, तो हनुमंताच्या कांद्यावरून जात नाही. सकाळी ते नारायणगावला निघाले, तेव्हा सज्जनबाई दारात उभ्या राहिल्या.

"तिला काय सांगणार?"

"बघू."

"मी तिचा तुकडा वितीने मोजला होता, अक्षय तृतीयेलाच," सज्जनबाई म्हणाल्या. "मुलांच्यापेक्षा चार बोटं कमी भरतो."

"शक्यच नाही. मी सारखं..."

"तुम्ही पारसचा फाडलात, संयमचा फाडलात, आणि उरला तो तिला. गिऱ्हाइकाला चार बोटं जास्त देणारे तुम्ही. पोरीला ताग्याचा शेवट दिलात."

एसटीत धरमशेठना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. त्यांना सारखी ती कात्री ऐकू येत होती. कुर्र, कुर्र. तिसऱ्यांदा आवाजच आला नव्हता, कारण तिसरा तुकडा कापावाच लागला नव्हता. मुलीलासुद्धा देतो म्हणून स्वतःची पाठ थोपटणारा हा हुशार माणूस! पाठ थोपटायला हात मागे गेला तेव्हा पुढचं काही दिसलं नसणार.

जागृतीने दारातच विचारलं, "पप्पा, अचानक?"

"तुझा तुकडा परत हवा होता," ते म्हणाले. आधी निदान कापड तरी ताब्यात घ्यावं, असा त्यांचा बेत होता. "माप जरा चुकलंय."

"दुकानात पाटी कुणी लावलीय? कापलेला कपडा परत घेतला जाणार नाही."

"ती गिऱ्हाइकांसाठी."

"आणि मी कोण?" तिने हसतच विचारलं, पण उत्तरासाठी थांबली. मग ती त्यांना रोपवाटिकेत घेऊन गेली. हिरव्या जाळीखाली ट्रेमध्ये ओळीने टोमॅटोची रोपं उभी होती, नुसती दोन पानं आलेली. एक शेतकरी पिकअप घेऊन आला होता, तिच्याशी कुठल्या जातीचं रोप न्यावं यावर वाद घालत होता आणि ती त्याला वादात हरवत होती. धरमशेठ बघत राहिले. गिऱ्हाइकाला नको असलेली वस्तू न देता त्याला परत न पाठवण्याची ही पद्धत त्यांनी पारसला शिकवायचा किती प्रयत्न केला होता! ती इकडे न शिकवता आली होती.

"हंगामाच्या आत इथून निघायचंय," शेतकरी गेल्यावर जागृती म्हणाली. "जावयांना... म्हणजे ह्यांना मी सांगितलंय, पप्पांची जागा आहे. आता काळजी नाही."

हाराचा शब्द धरमशेठच्या जिभेवर आला, तिथे थोडा वेळ बसला आणि मागे फिरला.

"ही जाळी किती मीटर लागली गं?" त्यांनी विचारलं.

घरी आल्यावर सज्जनबाईंनी विचारलं, "सांगितलंत?"

"शेडनेटचा भाव विचारून आलो."

सज्जनबाई ताट वाढायला वळल्या. त्यांनी पोळीवर नेहमीपेक्षा जास्त तूप घातलं.

मोजणीचा दिवस आला तेव्हा थंडी पडली होती. जमीन मोकळी होती. सगळे जमले, पारस, पुण्याहून संयम, नारायणगावहून जागृती, सज्जनबाई मफलर बांधून, आणि बांधापलीकडे हनुमंत. मोजणीवाले साहेब आले ते साखळी-बिखळी न घेता. त्यांच्या हातात एक काठी होती आणि काठीच्या डोक्यावर पांढरी वाटी उपडी घातल्यासारखं यंत्र. ते एकेका जागी काठी टेकवून उभे राहायचे, हातातल्या यंत्रात बघायचे आणि पुढे जायचे. धरमशेठ त्यांच्या मागेमागे. जमीन मोजायला कुणीतरी वाकलंच पाहिजे अशी त्यांची समजूत होती. या साहेबांची पाठ एकदाही वाकली नाही.

खुणा झाल्या. सगळे एका जागी आले आणि साहेबांनी आकार दाखवला. तो चौकोन नव्हता. पुढे रुंद, मागे निमुळता, आणि मधे एका बाजूला जरा फुगलेला. पायजम्याचा एक पाय दोरीवर वाळत घालावा तसा.

"जमीन आटली?" धरमशेठनी विचारलं.

"आटत नाही शेठ. अशीच होती."

बांध थोडा इकडे, थोडा तिकडे निघाला. एका ठिकाणी हनुमंताचा लाभ, दुसऱ्या ठिकाणी यांचा. "चला, फिट्टंफाट," हनुमंत म्हणाला, "आपलं दोगांचं बाप सारकंच इमानदार व्हते." साहेब आपलं काम करून गेले, आणि आता कुणी बोलायचं हा प्रश्न उरला. सगळे धरमशेठकडे बघत होते.

धरमशेठनी घसा साफ केला. "आधी रस्ता. इथून, पार मागच्या टोकापर्यंत. साडेसात फूट आपल्या अंगाने, साडेसात हनुमंताच्या. तो सगळ्यांच्यातून आधीच वजा. राहील त्याचे तीन वाटे, सारखे. विहीर सामाईक."

"पप्पा, पंधरा फूट!" पारस म्हणाला. "एका टेम्पोसाठी? पायवाट पुरे म्हटलं होतं मी. आणि ते हाराचं..."

जागृतीने मान वर केली. "कसला हार?"

हनुमंत उगाच वाकून एक ढेकूळ फोडायला लागला.

"माझ्या मनात आलं होतं," धरमशेठ म्हणाले, "की तुला जमिनीऐवजी हार द्यावा. मी ते सांगायलाच आलो होतो त्या दिवशी. आणि जाळीचा भाव विचारून परत गेलो. तुझा बाप असा आहे बाई. आता तू बोल काय बोलायचं ते."

जागृती म्हणाली, "भाव तरी नीट लक्षात ठेवलात का?"

"नाही."

"मग हारही विसरा." तिने नाक पुसलं. थंडीच होती.

पारस ओशाळला होता, पण व्यापाऱ्याचा मुलगा होता. "ठीक आहे. वाटे तीन. मग चिठ्ठ्या टाका, म्हणजे कुणाचं काही म्हणणं नको."

"चिठ्ठ्या नाहीत," धरमशेठ म्हणाले. "वाटा उचलताना धाकट्याने आधी उचलायचा. ही रीत आहे."

"ती रीत भावाभावांतली, पप्पा."

"धाकटं म्हणजे धाकटं. हनुमंता, तुमच्याकडे कसं?"

"आमच्यात बी धाकटंच आदी उचलतं," हनुमंत ढेकळातून वर न बघता म्हणाला. "पोरगं का पोरगी ते जमिनीला काय ठावं?"

मग सगळे जागृतीकडे बघायला लागले. धरमशेठना वाटलं, आता ही 'माझा मागचाच राहू दे' म्हणणार, सगळे हिला शहाणी म्हणणार, आणि आपण सुटणार. त्यांनी श्वास सोडायची तयारीही केली होती.

"मला पुढचा," जागृती म्हणाली.

"पुढचा?" पारसचा आवाज चिरकला. "रस्त्यावरचा?"

"हो. शेतकऱ्यांच्या गाड्या थांबतात दादा. रोप रस्त्यावरून दिसायला हवं."

"आणि माझे गाळे?"

"ते अजून कुठे आहेत?" संयम हसत म्हणाला आणि पटकन पुढे झाला. "आता माझी पाळी. मी मधला. विहीर जवळ."

पारसला मागचा राहिला. तो एकटाच मागच्या टोकाकडे चालत गेला. पेठेतली ती भिंत धरमशेठना दिसायला लागली, जिना एकीकडे, माळा दुसरीकडे. इतक्या हुशारीने रीत काढली आणि थोरला मुलगा गमावला, असं काहीतरी ते मनात जुळवत होते. तेवढ्यात पारस परत आला. बुटांना ढेकळं लागली होती आणि तो धापा टाकत होता.

"पप्पा, पंधरा फुटात काय होणार? मागे जायला केवढं लांब आहे! समोरून गाडी आली तर मी काय तिथेच राहायचं? वीस फूट तरी पाहिजे."

हनुमंत ढेकूळ टाकून उभा राहिला. "पारसशेट, मगाशी तर पायवाट पुरं म्हनत व्हते!"

"मगाशी मी पुढे होतो."

पहिल्यांदा सज्जनबाई हसल्या. त्यांनी मफलर तोंडावर धरला तरी आवाज येतच होता. मग संयम, मग हनुमंत, आणि शेवटी स्वतः पारसही. फक्त जागृती हसली नाही. ती पावलं टाकून आपल्या तोंडाची रुंदी मोजत होती.

"वीस जास्त होतात," ती गंभीरपणे म्हणाली. "माझं तोंडच जातं. पंधरा पुरे."

"टेम्पोला रस्ता पाहिजे म्हणून कोण रडत होतं?" पारसने विचारलं.

"मी मागे होते तेव्हा."

"बघा," सज्जनबाई नवऱ्याला म्हणाल्या, "झाली सगळी मालक."

आता मात्र धरमशेठना आपला धंदा आठवला. एक पंधरा म्हणतो, एक वीस म्हणतो, दोघांनाही वस्तू न्यायचीच आहे. अशी माणसं उठून जात नाहीत हे त्यांना जन्मभराचं ठाऊक होतं. "अठरा," ते म्हणाले. "नऊ आमचे, नऊ हनुमंताचे. हनुमंता?"

"लई व्हत्यात, पन चालंल. माज्या बी पोरांच्या गाड्या जानारच की."

पारसने जागृतीकडे बघितलं, जागृतीने पारसकडे. कुणीच उठून गेलं नाही.

हनुमंताने घरातून चुन्याच्या फक्कीने भरलेली पाटी आणली. कायमचा कागद वकिलीणबाई करणार होत्या. आजची नुसती खूण. साहेबांच्या निशाणीपासून नऊ फूट मोजून धरमशेठनी मूठ भरली आणि पांढरी रेघ ओढत मागे मागे निघाले. एका बाजूने पारस ओरडत होता, "पप्पा, रस्त्यात येताय, रस्त्यात येताय!" आणि पुढून जागृती ओरडत होती, "माझ्यात चाललात, माझ्यात!" धरमशेठ दोघांचंही ऐकत होते, त्यामुळे रेघ नागमोडी पडत होती.

"सरळ!" सज्जनबाई ओरडल्या.

"मारतोय ना सरळ," ते म्हणाले, आणि पांढरे झालेले हात पँटला पुसून पुन्हा पहिल्या खुणेपाशी गेले.